नमस्कार केला म्हणून आउट

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या, म्हणजे वहिनींच्या, घरात पाय जपून टाकावा लागतो. कशालाही पाय लागला की लगेच वाकायचं, ज्याला लागला त्याला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. माणूस असो, पुस्तक असो, सूप असो की केरसुणी. तसं हे सगळ्याच घरांत असतं, माझ्या माहेरीही होतं, पण वहिनींकडे त्याला सूट नाही. एकदा त्यांच्या मुलीचा, माझ्या पुतणीचा, पाय मोबाईलच्या चार्जरला लागला. तिने त्यालाही नमस्कार केला आणि वहिनी म्हणाल्या, "शाबास." मी हसले तर माझ्याकडे असं बघितलं की मी गपचूप माझा चहा घेऊन वर गेले.

वर म्हणजे आमच्याच घरी. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातलं जुनं घर पाडून दोघा भावांनी दुमजली बांधलं. खाली वहिनी, भाऊजी आणि पुतणी, वर आम्ही, आणि त्याच्यावर गच्ची. गच्ची दोघांची, म्हणजे वहिनींची.

पायाच्या या नियमाला त्यांच्या घरात एकच अपवाद होता, पुतणीची बॅट. बेसबॉलची बॅट दाराशी टेकवलेली असायची आणि वारंवार घसरून पडायची. वहिनी तिला पायाने बाजूला सारायच्या. चुकून नाही, चांगलं मुद्दाम. "हे दांडकं उचला कोणीतरी," म्हणायच्या आणि पुढे जायच्या. केरसुणीत लक्ष्मी असते, बॅटीत काय असतं, असा त्यांचा सवाल होता. मी म्हटलं, त्यातही असते, फक्त ती धावते. हे त्यांना आवडलं नाही.

पोरीच्या डोक्यात बेसबॉल मी घातला, हे सांगून टाकते. मी मुलींच्या कॉलेजात खेळ शिकवते आणि बेसबॉलची अंपायर आहे. ग्वाल्हेरात बेसबॉल म्हटलं की अर्धे लोक क्रिकेट समजतात आणि उरलेले अर्धे विचारतात की याने नोकरी लागते का. वहिनी दुसऱ्या गटातल्या. आमच्या घराण्यातल्या कोणी कधीकाळी दरबारात कारभार केला होता. कारभार गेला, दरबार गेला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मुलीने धूळ खात पळावं हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी या हिवाळ्यात त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. राज्याच्या संघात निवड झाली तर ठीक. नाही तर दांडकं माळ्यावर आणि पोरगी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला. भाऊजी मूग गिळून बसले. पुतणी माझ्याकडे वर आली, माझ्या पलंगावर बसून नुसती नखं खात राहिली आणि म्हणाली, "काकू, नहीं हुआ तो? मी दुसरं काही करूच शकत नाही गं."

मला ती खेळायला हवी होती, यात लपवायचं काय. माझ्या हाताखालून इतक्या मुली गेल्या, पण चेंडू बघून शेवटच्या क्षणी मनगट वळवणारी ही एकच.

निवडीचे सामने मुरारच्या मैदानावर दोन दिवस होते. मला बेसवर उभं राहायचं होतं. प्लेटच्या, म्हणजे बॅट करणारी उभी राहते त्या जागेच्या, मागचा मुख्य अंपायर बाहेरगावहून येणार होता, पण जानेवारीतलं ग्वाल्हेर, धुक्यात त्याची गाडी कुठेतरी उभी राहिली. मी संयोजकांना म्हटलं, बॅट करणाऱ्यांत माझी पुतणी आहे, मला मागे उभं करू नका. ते म्हणाले, "मैडम, ग्वालियर में कौन किसकी भतीजी नहीं है?" मी तोंडावर जाळी चढवली आणि कॅचरच्या मागे जाऊन उभी राहिले.

आणि नेमकं त्याच दिवशी वहिनी मैदानावर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. शाल, स्वेटर, पिशवीत मेथीचे लाडू, आणि बसायला घरून आणलेली सतरंजी. भाऊजी मागून पाण्याची बाटली घेऊन. ती दोघं काही बघायला आली नव्हती, निकाल घेऊन जायला आली होती.

आता नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर आहे. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवी बसून चेंडू पकडणारी मुलगी. पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पुरी करायच्या पहिल्या टप्प्यावर, उभी असलेली रनर कधीकधी पिचरने चेंडू टाकता टाकताच दुसऱ्या बेसकडे धूम ठोकते. याला बेस चोरणं म्हणतात. अशा वेळी कॅचरने ताडकन उठून दुसऱ्या बेसवर थ्रो करायचा आणि चोर पकडायचा. बॅटरने या दोघींच्या भानगडीत मध्ये यायचं नाही. आपल्या चौकटीत गुमान उभी राहिली तर तिला सहसा कोणी काही म्हणत नाही. पण बाहेर पाऊल टाकलं, वाकली, झुकली, आणि कॅचरचा थ्रो अडला, तर बॅटर आउट, आणि रनर जिथून निघाली तिथे परत. मुद्दाम केलं की चुकून, हे अंपायरने विचारायचं नाही. मनातलं बघायला देव आहे, आम्ही फक्त हातपाय बघतो.

यात एक गंमत आहे. अडथळा होऊनही कॅचरचा थ्रो पोचला आणि रनर बाद झाली, तर बॅटरचा गुन्हा माफ, जणू काही झालंच नाही. म्हणून अंपायरने निकाल द्यायची घाई करायची नसते. अडथळा दिसला की हात दाखवायचा आणि थ्रोचं काय होतं ते बघत थांबायचं.

पुतणी बॅटिंगला आली तेव्हा तिच्या संघाची एक मुलगी बाद होती आणि एक पहिल्या बेसवर. पहिला चेंडू तिने सोडला. दुसऱ्याला रनर पळाली. पुतणीने बॅट फिरवली, चेंडू चुकला, आणि तोल सावरायला तिचा उजवा पाय मागे आला. तो कॅचरच्या पायाला लागला.

आणि माझी पुतणी, खासगी बाजारातली, वहिनींच्या हाताखाली वाढलेली, वळली, वाकली, कॅचरच्या गुडघ्याला हात लावला आणि तो हेल्मेटला नेला.

कॅचर मुरारचीच, फौजीची मुलगी, दणकट. ती थ्रो करायला उठत होती. तिचं कोपर पुतणीच्या हेल्मेटवर आपटलं. त्यातही ती संस्कारी बाई म्हणाली, "अरे कोई बात नहीं," आणि चेंडू सुटला.

मी हात दाखवला आणि थांबले. त्या एका क्षणात मी काय मागितलं ते सांगते. मी मागितलं की चेंडू दुसऱ्या बेसवर पोचू दे आणि पुतणीच्याच संघाची रनर बाद होऊ दे. म्हणजे पोरगी सुटेल. स्वतःच्या पुतणीच्या संघाचं वाईट चिंतणारी काकू मी एकटीच असेन. पण चेंडू दुसऱ्या बेसवरून, तिथल्या मुलीच्या डोक्यावरून, थेट मागच्या कडुलिंबाकडे निघून गेला. रनर तिसऱ्या बेसवर पोचून नाचायला लागली.

"टाइम," मी ओरडले. "इंटरफिअरन्स. बॅटर आउट. रनर पहिल्या बेसवर परत."

मैदानावर नुसता कल्ला. पुतणीच्या संघाचे कोच धावत आले. "मैडम, बच्ची ने पैर छुए हैं. नमस्कार करने पे आउट?"

मी म्हटलं, "पैर नहीं, घुटना. और जिसका घुटना था वो थ्रो कर रही थी."

"पर उसने जानबूझके थोड़ी किया."

"वो मैंने पूछा भी नहीं."

कोच आभाळाकडे बघत परत गेले. पुतणी बॅट घेऊन चालायला लागली. माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाली, "काकू, वो अपने आप हो गया." मला माहीत होतं. तोंडावर जाळी होती, ते बरं झालं.

आणि मग सतरंजीवरून आवाज आला. वहिनी उठून उभ्या होत्या. "काय झालं? का घालवली तिला?" भाऊजींनी जे कळलं ते सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं, मेथीच्या लाडवांचा डबा बंद केला आणि सतरंजी गुंडाळली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी पुतणीने पुढे एक चांगला फटका मारला, पण तो बघायला त्या थांबल्या नव्हत्या.

संध्याकाळी घरी आले तर खालचं दार उघडं आणि वहिनी दारातच. मी गुपचूप जिना चढायला लागले.

"थांब," त्या म्हणाल्या. "लोकांच्या मुली शिव्या देतात, धक्के मारतात, त्या खेळतात. माझ्या मुलीने पाय लागला म्हणून नमस्कार केला, तर तिला काढलीस. आणि काढली कोणी? सख्ख्या काकूने."

"वहिनी, मी तिथे काकू नव्हते."

"मग काय होतीस?"

"अंपायर."

"वा. घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं. पोरीचं नशीब एकटं पुरत नव्हतं, त्यात तू." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला दाखव. काय चुकलं ते मला दिसलं पाहिजे."

मला वाटलं रागाने बोलताहेत. पण नाही, त्यांनी खरंच आम्हाला सगळ्यांना गच्चीवर नेलं. अजून उजेड होता. भाऊजींना पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं, ते दुसरा बेस. पुतणी बॅट घेऊन उभी राहिली. कॅचर मी. उकिडवी बसले तर गुडघ्यांनी असा आवाज केला की भाऊजी म्हणाले, "राहू दे, लागेल तुला." चेंडू म्हणून वहिनींनी मला एक बटाटा दिला. रनर कोण, असं मी विचारलं.

"पळायचं कुठून कुठे?" वहिनींनी विचारलं.

"कपड्यांच्या दोरीपासून भाऊजींपर्यंत. मी चेंडू पकडायच्या आत निघायचं. चोरी करायची."

"चोरी?" त्यांनी मुलीकडे बघितलं. "हे शिकवतात तुम्हाला?" पण पदर खोचला.

वहिनी पळाल्या. पळाल्या म्हणजे त्यांच्या मानाने. पुतणीने बॅट फिरवली, पाय मागे आला, माझ्या पायाला लागला. मी उठत होते, तेवढ्यात तिचा हात माझ्या गुडघ्यावर. मी बटाटा फेकला. तो भाऊजींच्या दिशेने न जाता शेजारच्या गच्चीवर गेला आणि त्यांच्या वाळत घातलेल्या गादीत बसला. वहिनी आरामात भाऊजींपाशी पोचल्या आणि धापा टाकत उभ्या राहिल्या.

"मी पोचले," त्या म्हणाल्या.

"पोचलात. पण का पोचलात? मी चांगला फेकला असता तर पोचला असतात?"

वहिनींना अन्याय चालत नाही, हे त्यांचं मोठेपण मी मानते. स्वतःच्या फायद्याचा अन्यायसुद्धा चालत नाही. भाजीवाल्याने चुकून जास्त माल दिला तर त्या गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या मागे जातात. त्यांनी मुलीकडे बघितलं. "तू मध्ये आलीस तिच्या."

"आई, हात आपणहून जातो. तूच शिकवलंय ना. मैं सोचती भी नहीं."

"माफी मागायची ती कधी मागायची मग?" हे मला होतं.

"थ्रो गेल्यावर. मग पाहिजे तर साष्टांग घाला."

"आधी तिचं काम होऊ द्यायचं," वहिनी स्वतःशीच म्हणाल्या. "समोरचीच्या हातात उकळतं भांडं असलं तर आपण मध्ये जाऊन पाया पडत नाही. ते खाली ठेवू देतो." आणि मग मुलीला म्हणाल्या, "पुन्हा कर. हलू नकोस. हात बॅटीला घट्ट धर."

अंधार पडेपर्यंत आम्ही ते करत होतो. बटाटे संपले तेव्हा वहिनींनी कांदे आणले. पुतणीचा पाय लागायचा, खांदा नुसता थरथरायचा, हात जागचा निघता निघता परत बॅटीवर जायचा. आयुष्यभर जी सवय लावली ती काढायला वहिनीच तिच्या समोर उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "थांब. थांब. गेला थ्रो? आता कर." माझे गुडघे दुसऱ्या दिवशी माझे राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुख्य अंपायर पोचले होते, म्हणून मी दुसऱ्या बेसपाशी. वहिनी सतरंजीवर, पण आज पुढच्या रांगेत. लाडवांचा डबा उघडा.

शेवटच्या डावात पुन्हा तेच. पहिल्या बेसवर रनर, प्लेटपाशी पुतणी, मागे तीच मुरारची कॅचर. पुतणीच्या संघाला एकच धाव हवी होती. रनर पळाली. पुतणीने बॅट फिरवली आणि चुकली. पाय मागे गेला. लांबून मला तो लागलेला दिसला नाही, पण तिचा खांदा थरथरलेला दिसला, आणि मला कळलं की लागला.

ती हलली नाही. बॅट छातीशी धरून, मान खाली घालून, तशीच उभी राहिली.

कॅचर उठली आणि चेंडू सुसाट आला, माझ्या समोर, दुसऱ्या बेसवरच्या मुलीच्या हातमोज्यात. रनर घसरत आली, पण बेसला पोचायच्या आत तो हातमोजा तिला लागला. निकाल माझा होता. मी मूठ वर केली. "आउट."

पुतणीच्या संघाच्या बाजूने मोठा उसासा. कोच माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांच्या घरावर दरोडा घातला होता. दोन दिवसांत दुसऱ्यांदा. आणि त्या सगळ्या शांततेत एकच माणूस जोरजोरात टाळ्या वाजवत होतं. वहिनी. "हलली नाही," त्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होत्या. "बघितलंत ना? माझी पोरगी हलली नाही." शेजारची बाई रनरची आई होती, हे आम्हाला नंतर कळलं.

प्लेटपाशी पुतणी वळली, वाकली आणि कॅचरच्या गुडघ्याला हात लावला. कॅचरने तिला उठवलं.

त्यानंतर पुतणीचा चेंडू उंच उडाला आणि झेलला गेला. संघ सामना हरला. संध्याकाळी निवड समितीने नावं सांगितली. तिचं नाव राखीव खेळाडूंत होतं. म्हणजे संघासोबत जायचं नाही, कोणी आजारी पडलं तर बोलावतील. साध्या भाषेत, नाही.

मी मुख्य अंपायरना सोडायला पडावला गेले, स्टेशनवर. खरं तर ते रिक्षाने गेले असते, पण मला घरी जायचं धैर्य नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिला आउट दिली नसती तर? पुन्हा तोच प्रसंग आला तर पुन्हा आउटच देईन, हे मला माहीत होतं, आणि त्यानेच जास्त वाईट वाटत होतं. गाडी गेली तरी मी प्लॅटफॉर्मवर एक चहा प्यायले. मग परत आले.

खालचं दार उघडंच होतं. भाऊजी टीव्हीसमोर, टीव्हीचा आवाज बंद. पुतणी दारालगतच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून. तिची बॅट कुणी टेकवली नव्हती, ती दारातच आडवी पडली होती. माळ्यावर चढायची शिडी आधीच भिंतीला लावलेली होती.

वहिनी स्वयंपाकघरातून आल्या, हातात मुलीसाठी गरम वरणभाताचं ताट. दारापाशी आल्या आणि त्यांचा अंगठा बॅटीला लागला.

मी बघत होते. भाऊजींनीही मान वर केली. आता नेहमीसारखी पायाने सारतील, शिडीकडे जातील, सगळं संपेल.

वहिनींनी आधी ताट टेबलावर ठेवलं. मग वळल्या, वाकल्या, बॅटीला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

आपण काय केलं हे त्यांना हात कपाळावर असताना कळलं असावं, कारण त्या तशाच थोडा वेळ थांबल्या. पुतणी उठून बसली होती. मी जागीच थांबले. निकाल द्यायची घाई करायची नसते.

मग वहिनींनी भाऊजींना शिडी उचलून ठेवायला सांगितली.

"आणि ही बॅट भिंतीला नीट उभी कर," त्या मुलीला म्हणाल्या. "सकाळी धुक्यात मैदानावर जायचं तर सापडायला हवी ना."